भाजीपुरती गाडी

लेक: पुन्हा सांग. दम कुठे खाते?

आई: चढावर.

लेक: कुठल्या चढावर?

आई: चढ म्हणजे चढ गं. वर जातो तो.

लेक: आई, तुझ्या घरापासून मंडईपर्यंत रस्ता ताटासारखा सपाट आहे. मधे लिंबू ठेवलं तरी घरंगळणार नाही. तू चढ कुठून आणलास?

आई: तो... गतिरोधक नाही का.

लेक: गतिरोधकावर दम खाते.

आई: खाते तर. वय झालंय तिचं. मी नाही का खात जिन्यावर?

लेक: बरं. आणि बंद केल्यावर?

आई: बंद केली की लगेच परत चालू होत नाही. किल्ली फिरवली की नुसतं घर्र घर्र. तासभर बसून राहिलं की मग अशी लागते, जसं काही झालंच नाही. अगदी तुझ्या बाबांचा स्वभाव. आधी रुसायचं, मग आपणच म्हणायचं, चला, निघायचं ना?

लेक: तासभर कुठे बसून राहतेस?

आई: गाडीत.

लेक: मंडईत?

आई: सावली असते गं तिथे.

लेक: तिसऱ्यांदा आणलीस तू ही. मागच्या दोन्ही वेळा मी स्वतः मंडईला फेरी मारून आले. जाते, येते, बंद होते, लागते. काहीही होत नाही. अख्ख्या गावाच्या गाड्या नीट करते आणि आईची होत नाही. लोक हसतात मला.

आई: कोण हसतं? नाव सांग फक्त.

लेक: मीच हसते. सरक जरा, उजेड अडतोय. आणि त्या पडद्याला टेकू नकोस.

आई: हा काय टीव्ही?

लेक: स्कॅनर. गाडीच्या कॉम्प्युटरला जे कळतं ते हा वाचून दाखवतो. गाडी रात्रभर इथे उभी होती, आता पूर्ण गार आहे. म्हणजे बाहेरची हवा, इंजिनातलं पाणी आणि डिझेल, तिन्हींचं तापमान सारखं यायला हवं. आलं तर सेन्सर खरं बोलतायत. बघ.

पडदा: हवा २६. पाणी २६. डिझेल २६.

आई: गुणी आहेत गं. तिघंही एका सुरात.

लेक: गार असताना सगळेच गुणी असतात. हा साठवलेला बिघाड बघ.

पडदा: डिझेल तापमान सेन्सर. सिग्नल अधूनमधून तुटतो.

आई: म्हणजे?

लेक: डिझेल किती तापलंय ते सांगणारा बोटाएवढा सेन्सर असतो. तापलं की डिझेल पातळ होतं, त्याप्रमाणे किती डिझेल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. आता तो सेन्सर मधेच गप्प बसला तर कॉम्प्युटर काय करणार? अंदाजपंचे. मग गाडी ओढत नाही, गरम असताना लागत नाही.

आई: गप्प बसणारी माणसं घरात असली की असंच होतं.

लेक: माझ्याकडे बघून नको बोलूस.

आई: कॉम्प्युटरकडे बघून बोलले. किती वेळ लागेल?

लेक: घाई आहे?

आई: घाई अशी नाही. दुपारच्या आत मिळाली तर बरं. भाजी आणायचीय.

लेक: भाजी मी आणून देते संध्याकाळी.

आई: तू आणलेली वांगी आतून किडकी निघतात.

लेक: तुझा फोन वाजतोय.

आई: वाजू दे.

लेक: उचल ना. कानाशी किणकिणतोय.

आई: हॅलो. हो. हो हो. नाही, अजून निघाले नाही. ...गाडीचंच. ...नाही नाही, येणार म्हणजे येणार. तुम्ही पेट्या बांधून टाकू नका तेवढ्यात. ...बरं. ...हो, काळा संपलाय ना, आणते मी काळा. ...जेवून घ्या. ठेवते.

लेक: कोण?

आई: भाजीवाली.

लेक: भाजीवालीला तू ‘जेवून घ्या’ म्हणतेस?

आई: माणूसच आहे ती.

लेक: आणि काळा काय? काळा काय आणणार तू तिच्यासाठी?

आई: काळा... मसाला. तू तुझं काम कर बघू.

लेक: करतेय. आधी वायर हलवून बघते. वायर कुठे उंदराने खाल्ली असेल, टोकाचा कपलर, म्हणजे जोड, ढिला असेल, तर हलवताना आकडा उडतो. तू पडद्याकडे बघ आणि उडाला तर ओरड.

पडदा: डिझेल २६.

आई: सव्वीस.

लेक: आता?

पडदा: डिझेल २६.

आई: सव्वीस. देवळातल्या घंटेसारखी हलवतेयस तू, तरी तो जागचा हलत नाही.

लेक: वायर चांगली आहे. कपलरही कोरडा, आतल्या पिना चकचकीत. म्हणजे सेन्सरच आतून गेलाय. काढून बघावा लागेल. पण इतका खोल बसवलाय ना, पाना फिरायलाच जागा नाही. बोटं सोलून निघणार.

आई: मग तो लांबवाला घे की. निळ्या पिशवीतला.

लेक: लांबवाला माझ्याकडे नाही. तिकडेच राहिला, पेटीत.

आई: हां हां. तिकडेच.

लेक: निळी पिशवी कुठली?

आई: कुठली पिशवी?

लेक: तू आत्ता म्हणालीस. माझी पेटी पत्र्याची होती. पाने सगळे आत नुसते टाकलेले, खडखड वाजायचे. पिशव्या नव्हत्याच.

आई: मी आपलं असंच म्हटलं. पानं, पिशवी. जिभेवर आलं.

लेक: हं.

आई: हं काय?

लेक: काही नाही. निघाला सेन्सर. हे बघ, एवढासा. भोकाला बूच लावते, नाहीतर डिझेल गळेल. आता तू हा कप धर. दोन्ही हातांनी. वायर जेमतेम पोचतेय, त्यामुळे असं वाकून, बॉनेटखाली.

आई: मला वाटलं चहा देतेयस.

लेक: किटलीतलं गरम पाणी आहे. सेन्सर कपलरला जोडलेलाच ठेवून यात बुडवते. शेजारी हा स्वयंपाकघरातला थर्मामीटर. दोघांचे आकडे जुळले पाहिजेत. थोडं थोडं गरम पाणी वाढवत जाऊ. थर्मामीटर तू वाच.

आई: चष्मा पुसते थांब. हं. बत्तीस.

पडदा: डिझेल ३२.

लेक: ओतते.

आई: चव्वेचाळीस.

पडदा: डिझेल ४४.

आई: अगं, हा तर खरं बोलतोय.

लेक: बोलू दे. ओतते. भाजतंय का?

आई: इतकी वर्षं तव्यावरची पोळी हाताने उलटली, मला काय भाजतंय? पंचावन्न.

पडदा: डिझेल ५५.

लेक: अजून थोडं.

आई: एकसष्ट. बासष्ट.

पडदा: डिझेल उणे ४०.

आई: अगंबाई! उणे?

लेक: सापडला.

आई: उणे चाळीस म्हणजे बर्फ की गं!

लेक: बर्फाच्याही खाली. आतली जोडणी तापली की फाकते. साठच्या पुढे गेलं की तोंड मिटतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं गाडी हिमालयात उभी आहे. गार झाला की परत जुळतो. म्हणून इथे आली की सगळं छान.

आई: वा! हुशार आहे माझी पोर. चल, बदल मग पटकन.

लेक: थांब. कप खाली ठेव.

आई: ठेवला.

लेक: हा साठच्या पुढे तुटतो.

आई: कळलं ना. तेच म्हणालीस.

लेक: मंडईत जाऊन यायला डिझेल पस्तीसच्या वर जात नाही. मी दोनदा जाऊन आलेय. साठ गाठायला गाडी तास-दीड तास पळली पाहिजे. आणि टाकी जवळजवळ रिकामी पाहिजे, कारण इंजिनाकडून गरम होऊन आलेलं डिझेल टाकीत परत जातं. भरलेल्या टाकीत ते जिरून जातं. थोडं असेल तर तेच तेच फिरत राहतं आणि तापतं.

आई: इतकं सगळं असतं का त्यात.

लेक: तुझी टाकी नेहमी तळाला का असते?

आई: भरायचं राहून जातं.

लेक: पंप तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आहे.

आई: तो पंपवाला तुझ्या वर्गातला. दर वेळी विचारतो, काकू, परवाच तर भरलंत, एवढ्या कुठे फिरता? उद्या तुझ्या कानावर घालायला कमी करणार नाही. म्हणून मी आपली वाटेतल्या पंपावर लागेल तेवढंच...

लेक: म्हणून टाकी रिकामी. म्हणून डिझेल तापतं. म्हणून गाडी बंद पडते.

आई: असं होय.

लेक: तास-दीड तासावर, चढ ओलांडून, एकच घर आहे आपल्या ओळखीचं. आई, तू माईंकडे जातेस?

आई: कोण माई?

लेक: माझ्या सासूकडे.

आई: तुझी सासू नाही आता ती. तूच सांगितलंस तसं म्हणायचं नाही.

लेक: विषय बदलू नकोस. केव्हापासून?

आई: तुझ्या घटस्फोटाच्या सह्या झाल्या, त्याच्या पुढच्या महिन्यापासून.

लेक: दोन वर्षं?

आई: दर आठवड्याला नाही हं. पावसात नाही गेले. घाटात दरड असते.

लेक: कशाला, पण? काय आहे तिथे तुझं?

आई: पहिल्यांदा भांडायलाच गेले होते. खरं सांगते. काय काय बोलायचं ते सगळं पाठ करून गेले होते, गाडीत मोठ्याने म्हणत. माझ्या पोरीला तुम्ही, माझ्या पोरीला तुमच्या लेकाने. दार वाजवलं. दार उघडलं तर त्यांच्या एका हातात सुई, एका हातात दोरा. म्हणाल्या, बरं झालं आलात विहीणबाई, केव्हाची ओवतेय, दिसेचना.

लेक: मग?

आई: मग काय, दिला ओवून. दारातच. म्हणाल्या, आलाच आहात तर हिरवाही द्या. हिरवा दिला. मग निळा. मग भांडायचं राहूनच गेलं.

लेक: आणि तेव्हापासून तू सुया ओवायला जातेस. घाट चढून.

आई: त्यांना अजिबात दिसत नाही गं जवळचं. शिवणाचं मशीन चालवतात ते हाताच्या सवयीने. पण दोरा ओवणं कसं जमणार? मी आठवड्याच्या सुया ओवून ठेवते. प्रत्येक रंगाच्या तीन-चार. सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवल्या की त्या हाताने चाचपून घेतात. काळा उजवीकडे, पांढरा डावीकडे.

लेक: काळा संपलाय ना, आणते मी काळा.

आई: हो. दोरा.

लेक: मला का नाही सांगितलंस?

आई: तू त्या घराचं नाव काढलं की हातातला पाना आपटतेस. आत्ताही आपटलास.

लेक: हातातून पडला.

आई: बरं, पडला.

लेक: आणि माझ्याबद्दल काय काय बोलता दोघी?

आई: तुझ्याबद्दल नाही बोलत. पहिल्याच दिवशी ठरलं. तुझंही नाही, त्याचंही नाही. गुडघे, दोरे, शेजारणीचं मांजर, एवढंच. एकमेकींना हाक काय मारायची यावर मात्र अर्धी दुपार गेली. आता नातं तर राहिलं नाही. त्या म्हणाल्या, ताई म्हणू का? मी म्हटलं, नको बाई, इतकी वर्षं विहीणबाई म्हणालात, आता जीभ कुठे वळवता. तेच राहिलं.

लेक: एक शब्दही नाही? माझ्याबद्दल?

आई: निघताना विचारतात. दर वेळी. हात कसे आहेत तिचे, चिरतात का अजून? मी म्हणते, चिरतात. मग म्हणतात, बरं. एवढंच.

लेक: आणि पिशव्या?

आई: तुझे पाने. तू पेटी नेली नाहीस ना. एकेका पान्याला पिशवी शिवलीय त्यांनी. मशीनचं तेल लावून ठेवतात, गंजू नयेत म्हणून. लांबवाल्याला निळी. मला आज गेलंच पाहिजे, बाळ. उद्या त्यांचा लेक ट्रक घेऊन येतोय. त्यांना घेऊन जाणार त्याच्याकडे, कायमचं. दोन दिवसांच्या वाटेवर. तिथे मला काही जायला जमायचं नाही. आज नाही गेले तर झालं. बसने तीनदा गाडी बदलावी लागते, हे गुडघे घेऊन मी पोचेपर्यंत अंधार होईल. मी तुझी परवानगी मागत नाहीये हं. पण चोरूनही जायचं नाहीये आता.

लेक: नवा सेन्सर उद्या येईल. मागवावा लागतो.

आई: उद्या?

लेक: उद्या दुपारी.

आई: बरं. ...मग याच्यावरच जाते. लावून दे परत. थांबत थांबत जाईन.

लेक: घाटात बंद पडली म्हणजे?

आई: पडते की. तिथे वडाखाली उभी करते. सावली असते म्हटलं ना.

लेक: म्हणजे तू घाटात तासभर एकटी...

आई: दोरे गुंडाळत बसते. वेळ जातो.

लेक: मागे ती पांढरी उभी आहे.

आई: कुठली पांढरी?

लेक: ठोकलेली. तुझ्याच मॉडेलची. तिचा सेन्सर काढते.

आई: अगं मग मघाशी का नाही म्हणालीस?

लेक: मघाशी तुला भाजी आणायची होती. पाणी उकळायला ठेव परत. तिचाही कपात बुडवून बघितल्याशिवाय लावणार नाही.

आई: ठेवते. एक कप चहाचंही ठेवू?

लेक: आई, काम चालू आहे.

आई: बरं बाई. ...आणलास? दे. बुडव. मी वाचते. चाळीस.

पडदा: डिझेल ४०.

आई: अठ्ठावन्न.

पडदा: डिझेल ५८.

आई: ओत, ओत. घाबरू नकोस. सत्तर!

पडदा: डिझेल ७०.

लेक: बोलतोय.

आई: बोलतोय गं! ठोकलेल्या गाडीतलं निघालं तरी कसं शाबूत.

लेक: ठोकलेल्या गाडीतलं सगळंच मोडत नाही, आई. रबराची नवी रिंग घालते, जुनी चपटी झालीय. हं, बसला. आता हा काळा फुगा दाब. लाईनीत हवा शिरलीय, ती काढायची. दाबत राहा, कडक होईपर्यंत.

आई: लिंबू पिळल्यासारखं?

लेक: तसंच. झाला कडक? बिघाडाची जुनी नोंद पुसते. किल्ली फिरव.

आई: लागली! पहिल्या झटक्यात. चल, येते मी. पैसे...

लेक: आई.

आई: बरं, नाही म्हणत. येते.

लेक: थांब. मी गाडी अशी देत नाही कोणाला. तापवून बघितल्याशिवाय नाही.

आई: म्हणजे?

लेक: साठच्या पुढे नेऊन बघायला हवं. कपात वेगळं, रस्त्यावर वेगळं. हलतं, हादरतं.

आई: मग मंडईपर्यंत जाऊन...

लेक: मंडईत कुठे साठ होतात? त्याला घाट लागतो. सरक. नको, तूच चालव, मी पडद्याकडे बघते. आणि ऐक. मी गाडीतून उतरणार नाही. आत बसणार. तू तुझं काय ते आटपून ये.

आई: मी कुठे काय म्हटलं?

(रस्ता. आई चालवतेय. लेक शेजारी, मांडीवर पडदा.)

पडदा: डिझेल ३१.

लेक: गिअर टाक. रडतेय ती.

आई: माझी गाडी, माझा गिअर.

पडदा: डिझेल ३८.

लेक: आरशात बघत जा.

आई: मागे काय बघायचंय? पुढे जायचंय.

पडदा: डिझेल ४३.

लेक: ज्या दिवशी मी बॅगा घेऊन निघाले ना, त्या दिवशी माई मशीनवर बसून होत्या.

आई: हं.

लेक: मान वर केली नाही. मी उंबऱ्यात उभी राहिले, मुद्दाम. वाटलं, काहीतरी म्हणतील. शिव्या द्या, थांब म्हणा, जा म्हणा, काहीतरी. त्या मशीन चालवत राहिल्या. गल्लीच्या टोकापर्यंत मला तो आवाज येत होता. मी वळेपर्यंत शिवत होत्या.

आई: शिवत नव्हत्या.

लेक: मी पाहिलंय, आई.

आई: दोरा नव्हता मशीनला.

लेक: म्हणजे?

आई: केव्हाच तुटला होता. तशाच पाय मारत होत्या. कापडावर नुसती भोकं. एकदाच बोलल्या त्या हे, ठरलेलं असूनही. मला ते कापड दाखवलं. म्हणाल्या, थांबले असते तर आवाज फुटला असता, आणि मग ती गेली नसती. आणि तिने जायलाच हवं होतं.

पडदा: डिझेल ४९.

पडदा: डिझेल ५०.

पडदा: डिझेल ५०.

पडदा: डिझेल ५२.

आई: रुमाल समोरच्या कप्प्यात आहे.

लेक: डोळ्यात काहीतरी गेलंय.

आई: हो, खिडकी उघडी आहे.

पडदा: डिझेल ५५.

लेक: हाच चढ का?

आई: हाच माझा गतिरोधक.

लेक: दाब ॲक्सिलरेटर. पूर्ण. ओढतेय का?

आई: ओढतेय गं! मागच्या वेळी त्या दगडापाशीच खोकायला लागली होती.

पडदा: डिझेल ५९.

लेक: आता बघ. बोलू नकोस.

पडदा: डिझेल ६०.

पडदा: डिझेल ६१.

पडदा: डिझेल ६२.

आई: सांग ना!

लेक: रस्त्याकडे बघ तू!

पडदा: डिझेल ६३.

लेक: तुटत नाही.

पडदा: डिझेल ६४.

लेक: नाही तुटत. बोलतोय, आई. नीट बोलतोय.

आई: वडाला टाटा कर. दोन वर्षं बसवलं बिचाऱ्याने मला.

लेक: टाटा. ...सावली खरंच चांगली आहे.

आई: मी खोटं कधी बोलते?

पडदा: डिझेल ६६.

लेक: या कोपऱ्यावर डावीकडे ना?

आई: विसरली नाहीस.

लेक: रस्ते विसरून चालत नाही माझ्या धंद्यात. इथेच थांबव. फाटकापासून लांब.

आई: लांब कशाला? त्यांना आता लांबचंही धूसरच दिसतं.

विहीण: (फाटकाशी येऊन) आलात का विहीणबाई? आज गाडीचा आवाज वेगळा येतोय. खोकत नाही.

आई: नीट करून आणलीय, विहीणबाई.

विहीण: छान झालं. शेजारी कोण आहे? सावली दिसतेय.

आई: मेकॅनिक आहे. गाडी तपासायला बरोबर आलीय. उतरणार नाही म्हणते.

विहीण: असं. उन्हात बसणार होय?

आई: तिचं तिला माहीत. मी चावी लावलेलीच ठेवते, इंजिन चालू राहू दे. पंखा लागेल तिला.

लेक: आई, बंद कर.

आई: काय?

लेक: इंजिन बंद कर. अजून एक तपासायचं राहिलंय. गरम असताना बंद केली तर परत लागते की नाही, तीच तर तुझी तक्रार होती. बंद केल्यावर वारा लागत नाही, आतलं आणखी तापतं. तसं तापू द्यायचं आणि मग किल्ली फिरवायची. तेव्हा लागली तर खरी.

विहीण: म्हणजे थांबावं लागणार.

लेक: हो. थांबावं लागणार, माई.

विहीण: किती वेळ?

लेक: थोडा. बराच. मी नक्की नाही सांगू शकत.

विहीण: मग आत थांब. पेट्या आहेत सगळीकडे, जपून ये. खुर्च्या बांधून झाल्यात, पण मशीन नाही बांधलेलं अजून. तुझी पेटी दाराशीच ठेवलीय. ती ट्रकात चढवायची नाही, असं सांगून ठेवलंय मी.

लेक: सुया किती राहिल्यात ओवायच्या?

विहीण: सगळ्याच. तिकडे कोण आहे ओवून द्यायला? वर्षभर पुरतील एवढ्या न्याव्या म्हणते.

आई: काळा दोरा आणलाय मी.

लेक: मी ओवते. आईला बसू दे जरा, घाट चालवून आलीय. ...पण माझे हात काळे आहेत, माई. ग्रीस आहे.

विहीण: मग पांढरा शेवटी ओव.